वाया जाणारं पाणी

बोरवडीच्या बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी तिचा दाणा काही मऊ होत नाही. चांगल्या पाण्यासाठी बाया करमाडच्या रस्त्यापर्यंत चालत जायच्या. म्हणून ग्रामपंचायतीनं शाळेशेजारच्या खोलीत पाणी गोड करायचं मशीन बसवलं तेव्हा गावानं पेढे वाटले होते.

मशीनवर रोज बसणारं माणूस हवं होतं. बचतगटातल्या बायांनी कमरुन्निसाचं नाव पुढं केलं. ती दहावी शिकलेली, घरी बसून ब्लाउज शिवणारी, बोलायला गोड. तिचा नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत मालाचा टेम्पो चालवायचा आणि सकाळी गेला की दिवेलागणीला यायचा. सासूनं आधी थोडी कुरकूर केली, पण चांगलं पाणी आधी आपल्याच घरात येईल म्हणून तीही गप्प बसली. कमरुन्निसाला शिकण्यासाठी शहरात पाठवलं गेलं. तिथल्या माणसानं भराभरा सगळं सांगितलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधी वाळूतून येतं, मग कोळशातून, मग मोठी मोटर त्याला जोरानं पांढऱ्या लांब नळकांड्यांत ढकलते. त्या नळकांड्यांत मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा बारीक पडदा, असतं. एका बारीक पाइपातून गोड पाणी बाहेर येतं आणि दुसऱ्या पाइपातून खारं पाणी गटारात जातं. त्या खाऱ्या पाइपावर एक लाल मुठीचा कॉक होता. त्याच्याकडं बोट करून तो म्हणाला होता, "ताई, ह्याला हात लावायचा नाही." का लावायचा नाही हेही त्यानं सांगितलं असणार, पण इतक्या गोष्टींच्या गर्दीत ते तिच्या डोक्यातून निसटलं.

पहिला उन्हाळा आणि पावसाळा मशीन उत्तम चाललं. पाऊस मात्र त्या साली बेताचाच झाला. मग थंडी पडली, आणि पौषात नळाची धार बारीक झाली.

आधी कमरुन्निसाला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पण गोड पाण्याची जी टाकी सकाळच्या शाळेची घंटा व्हायच्या आत भरायची ती आता उन्हं डोक्यावर आली तरी अर्धीच असायची. रांग शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ लागली. जारवर जार टेकवून बाया ताटकळत उभ्या राहायच्या आणि उभं राहिलेलं माणूस बोलतंच.

"रस्त्यावरच्या ढाब्याला आपल्या मशीनचं किती पाणी जातंय, देवाला ठाऊक," लक्ष्मीबाई एक दिवस मोठ्यानं म्हणाली. तिचं घर शाळेसमोरच होतं आणि रांगेत तिचा नंबर बहुधा पहिला असायचा.

कमरुन्निसाला ते ऐकू गेलं. ती जार भरत राहिली, पण तिचे कान तापले.

दुपारी तिनं मोहियोद्दीनला फोन लावला. मोहियोद्दीन हा मशीन बसवणाऱ्या कंपनीचा दुरुस्तीचा माणूस, शहरात किराडपुऱ्याला राहणारा. जिल्ह्यातली अशी बरीच मशीनं त्याच्या एकट्याच्या अंगावर होती, त्यामुळं तो लगेच येईल अशी आशा नव्हती.

"आपा, मोटरचा आवाज बदलला का?" त्यानं विचारलं.

"नाय."

"काट्यावरचं प्रेशर?"

"रोजच्यासारखंच हाय."

"मग मशीनला काही झालं नाही. थंडी है आपा, थंडी. गच्चीवरच्या टाकीत रातभर पाणी पडून राहतं, गारठतं. गार पाणी घट्ट होतं. आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण मेम्ब्रेनला कळतं. थंडीत खोबरेल बाटलीतून निघत नाही बघा, तसंच काहीसं. तेवढ्याच जोरानं ढकललं तरी कमी पाणी पार होतं. सकाळी चालवू नका. दुपारी टाकी तापली की चालवा."

सांगणं सोपं होतं. बोरवडीला त्या महिन्यात वीज सकाळीच असायची आणि दुपारी जायची. तरी कमरुन्निसानं दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायांना ते समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"पाण्याला थंडी वाजती व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. त्या हसण्यात विशेष खोट नव्हती, पण कमरुन्निसा घरी गेली आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून निजली.

त्या हसणाऱ्यांत बन्सी नव्हता. बन्सी हा पंचायतीचा पाणीवाला. गेली कित्येक वर्षं गावातल्या गल्ल्यांना आलटून पालटून पाणी सोडायचं काम त्याच्याकडं होतं. कोणत्या वळणावर कोणता कॉक गाडलेला आहे आणि तो किती आटे फिरवायचा, हे त्याच्या हाताला पाठ होतं. मशीनसाठी बोअर चालू करायचं कामही त्याचंच. सकाळी बोअर लावून झाला की तो मशीनच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायचा. कमरुन्निसा त्याला बन्सीमामा म्हणायची.

बन्सीमामाला मशीनची एकच गोष्ट खुपायची, ती म्हणजे खारं पाणी नेणारा तो पाइप. गोड पाणी एक घागर मिळालं की जवळपास दोन घागरी पाणी त्यातून गटारात जायचं. बहात्तरच्या दुष्काळात तो नुकता मिसरूड फुटलेला होता. खडी फोडायच्या कामावर त्यानं माणसांना वाटीवाटीनं पाणी घेताना पाहिलं होतं. त्याची धाकटी बहीण त्याच साली हगवणीनं गेली. गढूळ डबक्यातलं पाणी प्याली होती. हे तो फारसं कोणाला सांगत नसे. पण पायरीवर बसल्या बसल्या त्याची नजर त्या पाइपाकडं जायची आणि तो कपाळाला हात लावायचा.

"पोरी, हे एवढं पाणी फेकून द्यायचं कोण्या शहाण्यानं ठरवलं?"

"मामा, मशीनच तसं हाय."

"मशीन माणसानंच केलं ना? बंद कर की तो कॉक थोडा. रांग बघ, आन् गटार बघ."

"त्याला हात लावायचा नाय म्हणून सांगितलंय."

"कावून?"

का ते शहरातल्या माणसानं सांगितलेलं तिला आठवेना. तिनं पुढचा जार नळाखाली सरकवला.

माघ लागता लागता तिच्या धाकट्या बहिणीचा, पाचोडहून, निरोप आला. दिवस भरले होते आणि सासरी करणारं कोणी नव्हतं. कमरुन्निसाला जावं लागलं. तिनं मशीन चालू करायचं आणि बंद करायचं बन्सीमामाला नीट दाखवलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि आठवडाभरासाठी निघून गेली.

परत आली तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर रांग नव्हती. बाया जार भरून झपाझप घरी जात होत्या. लक्ष्मीबाईनं तिला पाहिलं आणि हाक मारली, "कमरुन, आलीस का? मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"चांगलं झालं. आन् तुझ्या मशीननं बघ काय चमत्कार केलाय! आता काय तक्रार नाय बाई."

खोलीत शिरल्यावर कमरुन्निसानं आधी धार बघितली. अंगठ्याएवढी जाड. मग तिनं फळीवरच्या काट्याकडं पाहिलं. प्रेशर नेहमीपेक्षा बरंच वर होतं. खारं पाणी किती वाहतंय ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला तरंगता मणी तळाशी जाऊन बसला होता. लाल मूठ आडवी फिरलेली होती.

बन्सीमामा पायरीवरून उठून आत आला. त्यानं लपवलं नाही.

"मी फिरवला. पहिल्या दिवशी थोडा. काय बिघडलं नाय, मग अजून थोडा. तुला लोकं बोलत व्हती ते मला बघवंना. आन् पाणी वाया चाललेलं बी बघवंना."

कमरुन्निसानं मुठीवर हात ठेवला. एका झटक्यात ती पहिल्यासारखी करता आली असती. बाहेरून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कोणीतरी तिचं नाव घेऊन हसलं, पण ते हसणं आता वेगळं होतं. पौषात तिनं रोज जे ऐकलं होतं ते तिला आठवलं. तिनं हात काढून घेतला.

"राहू द्या मामा," ती म्हणाली. "थंडी सरली की करू सरळ."

पुढचे काही आठवडे फार सुखाचे गेले. पंचायतीच्या सभेत सरपंच तात्यासाहेबांनी तिचं कौतुक केलं. तात्यासाहेब मोठे जमीनदार, शब्दाला वजन असलेले, पण मनानं सरळ. मशीन गावात आणलं होतं तेही त्यांनीच मागं लागून. "बाई मशीन नीट सांभाळतीया," ते सगळ्यांसमोर म्हणाले. कमरुन्निसा ओढणी सावरत खाली बघत राहिली.

तिच्याकडं पेनासारखा एक लहान मीटर होता. गोड पाण्यात बुडवला की पाण्यात किती क्षार उरलेत त्याचा आकडा दाखवायचा. तो आकडा थोडा थोडा वर चढत होता. एका दिवसात कळण्यासारखा नाही, पण चढत होता. ती मीटर पुसून पुन्हा बुडवायची. मग बॅटरी उतरली असेल असं स्वतःशीच म्हणून तो खणात ठेवायची.

पहिल्यांदा ते उघडपणे बोलून दाखवलं बन्सीमामाच्या बायकोनं. भागूबाई तोंडाची फटकळ, हसरी, गल्लीत सगळ्यांच्या चुलीपर्यंत जाणारी बाई. ती मशीनवर आली आणि कमरुन्निसाच्या हातात वाटी दिली.

"चाखून बघ. ही डाळ सकाळपास्नं चुलीवर हाय. तुझ्या पाण्यातली हाय, बोअरच्या नाय."

डाळीचा दाणा दाताखाली टचकन फुटला. कमरुन्निसानं वाटी खाली ठेवली.

त्याच आठवड्यात धार पुन्हा बारीक झाली. ऊन तर तापायला लागलं होतं, थंडीचं नाव नव्हतं. प्रेशरचा काटा मात्र वरच टेकलेला. आता तिनं घाईघाईनं लाल मूठ सरळ केली, पण काही उपयोग झाला नाही. काटा खाली आला, खारं पाणी पहिल्यासारखं वाहू लागलं आणि गोड पाण्याची धार आणखीच मेली. करंगळीएवढीसुद्धा उरली नाही. तिनं मोहियोद्दीनला फोन केला. तो वेरूळकडं एका मशीनवर होता. परवा येतो म्हणाला.

तो येण्याच्या आदल्या दिवशी भागूबाईच्या कुशीत कळ उठली. तिला मुतखड्याचा जुना त्रास होता. दोनदा दवाखाना झाला होता. गावात गोड पाणी आल्यापासून तिला बरं वाटत होतं आणि ती ते येईल त्याला सांगायची. त्या दुपारी ती अंगणातच गडबडा लोळायला लागली. कमरुन्निसाच्या नवऱ्याचा टेम्पो नेमका घरी होता. त्यातच गोधडी टाकून तिला निजवलं आणि शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कमरुन्निसा मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बन्सीमामा पायाशी बसला होता आणि दर खड्ड्याला तिचे पाय धरून ठेवत होता.

दवाखान्यात सुई टोचल्यावर भागूबाईचा डोळा लागला. तेव्हा व्हरांड्यातल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेला बन्सीमामा म्हणाला, "माझ्यामुळं झालं हे."

"नका असं बोलू मामा."

"मीच फिरवला ना कॉक. माझ्या हातानं खारं पाणी पाजलं तिला. पाणी वाचवतो म्हणलं आन्..."  त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड झाकून घेतलं.

कमरुन्निसा उठून तिथल्या एका तरण्या डॉक्टरीणबाईकडं गेली आणि तिनं सरळ विचारलं, की महिनाभर पाण्यात क्षार जास्त आले तर असं होतं का. डॉक्टरीणबाई दमलेली होती, पण तिनं थांबून उत्तर दिलं. "एवढ्या दिवसांत खडा तयार होत नाही हो. खडा आधीचाच आहे, तो आता जागचा हलला. पाण्यामुळे हलला की कशामुळे, ते कोणी सांगू शकणार नाही. भरपूर पाणी पाजा त्यांना, चांगलं पाणी."

कमरुन्निसानं ते जसंच्या तसं बन्सीमामाला सांगितलं. त्यानं मान डोलावली. त्याला पटलं नव्हतं हे तिला दिसत होतं. ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"मामा, कॉक तुमी फिरवला. पण मी आल्यावर मला दिसला. मी तसाच ठेवला. लोकं बरं बोलाय लागली व्हती ना, म्हणून. मीटरमधी आकडा वाढत व्हता, तो बी मला दिसत व्हता. तुमचं एकट्याचं नाय हे."

त्यानं पटक्याचा शेव तोंडावरून काढला. मग म्हणाला, "च्या आणतो तुला," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी भागूबाईजवळ तिची लेक थांबली आणि ते दोघं गावी परतले, कारण मोहियोद्दीन येणार होता. तो मोटरसायकलवर आला, मागं अवजारांची पेटी बांधून. तिशीतला, किडकिडीत, सतत घाईत असलेला. मशीनच्या खोलीत गावातली बरीच माणसं जमली होती. तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते.

मोहियोद्दीननं नळकांड्याचं झाकण उघडलं आणि आतलं मेम्ब्रेन ओढून काढलं. हात-दीड हात लांब, गुंडाळलेल्या कापडाच्या ठाणासारखं ते दिसत होतं. त्यानं ते उचललं आणि म्हणाला, "लई जड झालंय." मग त्याच्या तोंडावर बोट फिरवलं. बोटाला पांढरी खरखरीत भुकटी लागली. बोअरच्या पाण्याच्या बादलीला आतून जशी चढते तशीच.

"कॉक कोणी बंद केला होता?" त्यानं विचारलं.

"आधी हे सांगा, त्यानं झालं काय," तात्यासाहेब म्हणाले. "आम्हाला समजंल असं सांगा."

मोहियोद्दीन खाली बसला. ते ठाण त्यानं मांडीवर आडवं घेतलं. "बघा, ह्याच्यात पातळ पापुद्रे गुंडाळलेले असतात, मधोमध भोकाची नळी. ह्या पापुद्र्यातून पाणी जातं, मीठ जात नाही. पण आपोआप नाही जात, जोरानं ढकलावं लागतं. जोर वाढवला तर जास्त पाणी जातं, हे खरं. कॉक बंद केला की आत जोर वाढतो, म्हणून तुम्हाला धार मोठी दिसली. पण जे मीठ पार गेलं नाही त्याचं काय? चहा गाळतो तेव्हा चोथा गाळणीत राहतो. आपण गाळणी झटकतो. ही गाळणी झटकता येत नाही. तिला झटकायचं काम ते वाया जाणारं पाणीच करतं. पापुद्र्यावरून ते जोरात वाहत जातं आणि साचलेलं मीठ धुऊन नेतं. तेच अडवलं तर मीठ जागच्या जागी साचतं. पाणी जास्त खारं झालं की त्याला ढकलायला आणखी जोर लागतो, आणि थोडं मीठ पापुद्र्यातून पारही जातं. मग त्याचा खडा धरतो. एकदा खडा धरला की पाण्याला वाटच राहत नाही."

 बन्सीमामा दाराशी उभा होता. 'खडा' हा शब्द ऐकला तशी त्याची मान खाली गेली.

"मला वाटलं व्हतं ते पाणी फुकट चाललंय," तो म्हणाला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कॉक मी बंद केला."

"आन् मी तसाच ठेवला," कमरुन्निसा लगेच म्हणाली. "तात्यासाहेब, मशीनची जबाबदारी माझी. मला माहीत व्हतं हात लावायचा नाय म्हणून. बन्सीमामाला बोलू नका. किल्ली मागायची तर माझ्याकडून मागा."

तात्यासाहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. त्यांचा राग त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. ह्या मशीनसाठी त्यांनी तालुक्याला किती खेटे घातले होते ते गावाला माहीत होतं. पण ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. कदाचित बन्सीमामाचा उतरलेला चेहरा बघून, कदाचित मागच्या सभेत आपणच केलेलं तिचं कौतुक आठवून.

"किल्लीचं नंतर बघू," ते शेवटी म्हणाले. "मोहियोद्दीन, हे सुधरतं का टाकून द्यायचं?"

"धुऊन बघतो. हा खडा चुन्याचा असला तर आंबटात विरघळतो. दुसरा कुठला असला तर माझ्या हातात नाही."

करमाडच्या दुकानातून लिंबूसत्त्वाच्या पिशव्या आल्या. चिमटीच्या नव्हे, पोत्याच्या हिशोबात एवढं लिंबूसत्त्व घेणारं गिऱ्हाईक पाहून दुकानदारानं लग्न कोणाचं म्हणून विचारलं. मोहियोद्दीननं मोठ्या टाकीत गोड पाणी घेतलं. ते गोड पाणी गावातल्या घरोघरी उरलेल्या जारांतून गोळा करावं लागलं, कारण मशीनमधून तेवढंही निघत नव्हतं. लक्ष्मीबाईनं आपला भरलेला जार स्वतः डोक्यावरून आणून टाकीत ओतला. एवढं झाल्यावरही ती निघाली नाही. "अजून लागलं तर सांग," म्हणून बाजूला उभी राहिली.

लिंबूसत्त्व विरघळवून ते पाणी लहान मोटरनं हळूहळू मेम्ब्रेनमधून फिरवायला सुरुवात झाली. "जोर नाही लावायचा," मोहियोद्दीन म्हणाला. "जोर लावला तर खडा अजून आत दाबला जाईल. नुसतं फिरत राहू द्या." थोडा वेळ फिरवायचं, मग मोटर बंद करून भिजू द्यायचं, मग पुन्हा फिरवायचं. पाणी आधी पांढुरकं झालं, त्यात बारीक बुडबुडे आले. आंबटपणा कमी झाला की मोहियोद्दीन आणखी लिंबूसत्त्व टाकायचा.

ह्या कामाला माणूस सारखं जवळ हवं होतं. बन्सीमामा हलला नाही. मोटर बंद करायची, चालू करायची, आंबटपणा कळायला पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायचा, हे त्यानं मोहियोद्दीनकडून शिकून घेतलं आणि ते दोघं कमरुन्निसाच्या डब्यातल्या भाकरी खायला बसले तेव्हाही त्याची नजर टाकीवरच होती.

"चाचा, तुम्ही इतकी वर्षं पाणी सोडता गावाला," मोहियोद्दीन घास घेत म्हणाला. "माझे अब्बा पण नळाचंच काम करायचे, शहरात. वाया जाणारं पाणी दिसलं की तेही कॉक बंद करायचे. मी असतो तुमच्या जागी, तर मीही केला असता."

बन्सीमामानं भाकरीचा एक तुकडा तोडून त्याच्या ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळं खळखळून धुतलं आणि मशीन चालू केलं. लाल मूठ जिथं असायला हवी तिथं मोहियोद्दीननं खूण म्हणून रंगाची रेघ ओढली. पहिलं पाणी त्यांनी सोडून दिलं. मग कमरुन्निसानं खणातून मीटर काढला आणि भांड्यात बुडवला. आकडा खाली आला होता. धारही आली, पण पहिल्यासारखी नव्हती. मोहियोद्दीननं खरं सांगून टाकलं. "जेवढा खडा निघायचा तेवढा निघाला. थोडा राहणार. मेम्ब्रेन बदलेपर्यंत एवढ्यावर भागवावं लागेल, आणि ह्याला आता सांभाळून वापरावं लागेल."

त्या संध्याकाळी चावडीवर सभा झाली. कमरुन्निसा किल्ली ओढणीच्या गाठीत बांधून गेली होती, परत द्यायच्या तयारीनं. पण किल्लीचा विषय निघाला नाही. बोलणं झालं ते पाण्याचं. वरच्या आळीनं एक दिवस यायचं, खालच्या आळीनं दुसऱ्या. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हं लेकरू आहे त्यांनी रोज. यावरून थोडी वादावादी झाली, मग ठरलं.

आणि मग बन्सीमामा उभा राहिला. सभेत तो कधी बोलत नसे.

"ते खारं पाणी थांबवायचं नाय, हे मला कळलं," तो म्हणाला. "पण ते गटारातच गेलं पाहिजे असं कुठं हाय? शाळेच्या संडासाला पाणी नाय. पोरी घरी पळत्यात. पाइप तिकडं वळवू. उरलेलं जनावरांच्या हौदात. मोहियोद्दीनला इचारलंय मी, म्हशीला चालतंय म्हणला. खोदाई मी करतो."

"एकटा कशाला करशील?" तात्यासाहेब म्हणाले. "उद्या सकाळी पोरं पाठवतो."

चर खोदायला आठवडा लागला, कारण मध्ये खडक निघाला. त्याच आठवड्यात भागूबाई घाटीतून घरी आली. खडा आपोआप पडून गेला होता. ती वाळली होती, पण आवाज तसाच होता. कमरुन्निसा तिला बघायला गेली तेव्हा ती ओट्यावर बसली होती, समोर पाण्याचा तांब्या भरलेला.

"डॉक्टरीण म्हणली, लई पाणी प्या," भागूबाई म्हणाली. "आन् हा बाबा दर घटकेला येतो. पिलीस का, पिलीस का. जीव नको केलाय. परवा रडत व्हता, तुझी शपथ. मी म्हणलं, मला मुतखडा हाय तो तुझ्या कॉकच्या आधीपास्नं हाय. तुला वाटतं गावातलं सगळं पाणी तुझ्याच हातातून जातं?"

बन्सीमामा आतून बाहेर आला. अंगावर चराच्या मातीचे डाग होते. "आता हसती," तो कमरुन्निसाला म्हणाला. "टेम्पोत मात्र मला शिव्या देत व्हती."

"देणारच! खड्ड्यातून टेम्पो नेत व्हता हिचा नवरा."

कमरुन्निसा हसली. मग तिनं बरोबर आणलेला जार ओट्यावर ठेवला. भागूबाईनं तांब्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं, जारातलं ताजं पाणी तांब्यात घेतलं आणि तोंड न लावता वरून घटाघटा प्यायली. बन्सीमामा ती पाणी पिते आहे ते बघत उंबऱ्याशी उभा राहिला, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"झालं समाधान?" तोंड पुसत भागूबाई म्हणाली. "आता जा, चर अर्धा राह्यलाय."

त्यानं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि तो शाळेच्या वाटेला लागला.